गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदललेला कपॅसिटर पुन्हा पुन्हा का फुगतो

अ‍ॅम्प उघडला, दोन कपॅसिटर फुगलेले दिसले, तेवढेच नवे टाकले, आवाज छान आला. चार-सहा महिन्यांनी तोच अ‍ॅम्प पुन्हा टेबलावर, आणि फुगलेले कपॅसिटरही त्याच जागचे. गाडीतल्या ऑडिओच्या दुरुस्तीत ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा भेटते. "माल हलका निघाला" असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं, आणि कधी कधी ते खरंही असतं. पण एकाच जागचा कपॅसिटर दुसऱ्यांदा गेला की मी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवतो. त्या जागेवर त्याला कोणीतरी मारतंय. ते कोण, हे कळल्याशिवाय तिसरा कपॅसिटर टाकण्यात अर्थ नाही.

हे मला एका चार चॅनलच्या अ‍ॅम्पने शिकवलं. पहिल्यांदा आला तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलजवळचे दोन कपॅसिटर, १६ व्होल्ट ३३०० मायक्रोफॅरडचे, डोक्यावर फुगले होते. बदलले. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याच जागी २५ व्होल्टचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचे टाकले. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र मी बोर्डाकडे नुसता बघत बसलो. पुरवठ्याच्या वाटेवर जाड तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे चोक, होतं. चोकच्या अलीकडचे, म्हणजे बॅटरीकडचे दोन्ही कपॅसिटर गेलेले. चोकच्या पलीकडचे, मॉसफेटला (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला) खेटून बसलेले तीन, जे खरं तर जास्त राबतात, ते ईएसआर मीटरवर ठणठणीत. म्हणजे मार अ‍ॅम्पच्या आतून येत नव्हता, गाडीकडून येत होता.

गाडीच्या मालकांना विचारलं, आणखी काही जाणवतं का? ते म्हणाले, रात्री गाडी उभी असली की हेडलाइट जरासे थरथरतात, बाकी काही नाही. इंजिन चालू केलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला. ०.९ व्होल्ट! धडधाकट अल्टरनेटरवर हा आकडा साधारण ०.१ व्होल्टच्या आत असतो, आणि ०.५ च्या वर गेला की डायोडवर संशय घ्यायचा. डीसीवर तीच बॅटरी १३.९ व्होल्ट दाखवत होती, म्हणून इतके दिवस कोणाला शंकाच आली नाही. अल्टरनेटरच्या आतला एक डायोड गेलेला होता. तो बदलल्यावर त्या जागचे कपॅसिटर पुन्हा कधी फुगले नाहीत.

कोणता गेला, त्यावरून कोणी मारला

अ‍ॅम्पच्या बोर्डावर कपॅसिटरच्या चार वस्त्या असतात, आणि प्रत्येक वस्तीचं दुखणं वेगळं.

पहिली वस्ती १२ व्होल्टच्या बाजूची. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट वापरून मोठी पॉवर मिळत नाही, म्हणून अ‍ॅम्पमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. टीएल४९४ किंवा एसजी३५२५ यांसारखी आयसी मॉसफेटच्या दोन फळ्या आलटून पालटून चालू-बंद करते, आणि टोरॉइड ट्रान्सफॉर्मरमधून चढवलेला व्होल्टेज पलीकडे निघतो. हे स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा, बहुतेक अ‍ॅम्पमध्ये काही दहा किलोहर्ट्झच्या घरात चालतं. प्रत्येक झटक्याला लागणारा प्रवाह बॅटरीकडून लांबच्या तारेतून तेवढ्या चपळाईने येऊ शकत नाही. तो हेच कपॅसिटर देतात. बोर्डावरचे सगळ्यात जास्त कष्ट यांचे. चोक असेल तर वर सांगितलेली खूण वापरा: चोकच्या बॅटरीकडचे गेले तर गाडी तपासा, मॉसफेटकडचे गेले तर अ‍ॅम्पवरचा भार, उष्णता आणि कपॅसिटरची जात तपासा.

दुसरी वस्ती ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, अधिक आणि उणे रेलवर, म्हणजे चढवलेल्या व्होल्टेजच्या दोन वाटांवर. मध्यम ताकदीच्या अ‍ॅम्पमध्ये या रेल ±२५ ते ±४० व्होल्टच्या आसपास असतात. इथले कपॅसिटर मोठे दिसतात, पण मरतात त्यामानाने कमी. मेले तर बहुतेक वेळा शेजारच्या रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडच्या) उष्णतेने.

तिसरी वस्ती कंट्रोल आयसीभोवतीची आणि ऑपअ‍ॅम्पच्या ±१५ व्होल्टची. हे १० ते १०० मायक्रोफॅरडचे बारके कपॅसिटर कोणी मोजत नाही, आणि निम्मे घोटाळे हेच करतात. ±१५ व्होल्ट बऱ्याचदा मोठ्या रेलवरून रोधक आणि झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा डायोड) लावून काढलेले असतात. ३५ व्होल्टवरून १५ वर यायचं म्हणजे २० व्होल्ट त्या रोधकावर पडणार. ३० मिलिअँपियर वाहिले तरी ०.६ वॅटची शेगडी झाली, आणि तिला चिकटून एक चिमुकला कपॅसिटर उभा असतो. त्या रोधकाखालचा बोर्ड तपकिरी पडलेला दिसला की शेजारचा कपॅसिटर न मोजताच काढा. नवा टाकताना रोधक बोर्डापासून पाच-सहा मिलिमीटर उचलून बसवा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तीच गोष्ट.

चौथी वस्ती आवाजाच्या वाटेवरची: इनपुटचे कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारे), फीडबॅकच्या पायातला इलेक्ट्रोलायटिक, स्पीकरकडचे फिल्म कपॅसिटर. यांच्यातून प्रवाह नगण्य वाहतो, त्यामुळे हे फुगत नाहीत, यातले इलेक्ट्रोलायटिक गुपचूप वाळतात.

तो मरतो कसा

अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकच्या पोटात द्रव असतो. खालच्या रबरी बुचातून तो वर्षानुवर्षं कणाकणाने उडून जातो. जसा तो आटतो तसा कपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे त्याच्या पोटातला मालिकेत बसल्यासारखा वागणारा रोध, वाढत जातो. आणि इथेच खरी मेख आहे: मायक्रोफॅरड बरेचसे शाबूत असताना ईएसआर कित्येक पट झालेला असू शकतो.

हिशेब करून बघा. कपॅसिटरमधून ३ अँपियर रिपल, म्हणजे स्विचिंगमुळे सतत आत-बाहेर होणारा प्रवाह, वाहतोय आणि ईएसआर ०.०३ ओहम आहे, तर आत ०.२७ वॅट उष्णता होते. तेवढी त्याला झेपते. ईएसआर ०.३ झाला आणि प्रवाह तोच राहिला तर २.७ वॅट. एवढ्याशा डबीत २.७ वॅट म्हणजे तो आतून शिजतो, आत वायू साठतो आणि डोक्यावरच्या खाचा उमलतात. कपॅसिटर समांतर जोडलेले असतील तर वेगळंच होतं: वाळलेल्याच्या वाट्याचा प्रवाह शेजाऱ्यांच्या अंगावर पडतो, आणि मग तेही एकेक करून जातात. म्हणूनच एका फळीतला एक गेला तर सगळी फळी बदलायची. नव्याला जुन्यांच्या रांगेत उभं केलंत तर सगळं ओझं त्या एकट्याच्या डोक्यावर येतं, आणि सहा महिन्यांनी "नवा टाकलेलाच गेला" ही तक्रार ऐकावी लागते.

उष्णतेचा ढोबळ नियम सगळ्यांनी पाठ करावा असा आहे: तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट. १०५ अंशांवर २००० तासांचा कपॅसिटर ८५ वर ८००० आणि ६५ वर ३२,००० तास चालावा. उलटंही तितकंच खरं. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतली जागा सहज ६० अंशांच्या वर जाते. अ‍ॅम्प चालू व्हायच्या आधीच त्याचं निम्मं भांडवल खर्च झालेलं असतं.

इलेक्ट्रोलायटिक सोडून बाकीचे वेगळ्या तऱ्हेने मरतात. बोर्डावर चिकटवलेले सिरॅमिक चिप कपॅसिटर उष्णतेने नाही, वाकण्याने जातात. बोर्ड खोक्यात वाकडा आवळला की चिपच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते. कधी ती ओपन राहते, कधी ओलावा शिरून शॉर्ट होते. बोट दाबल्यावर अ‍ॅम्प बंद-चालू होत असेल तर स्क्रूंच्या जवळच्या चिप भिंगाखाली बघा. टँटॅलम शॉर्ट होऊन मरतो, कधी धूर काढून. तो व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक, म्हणून लिहिलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यावरच वापरावा. आणि टँटॅलमच्या अंगावरची पट्टी अधिक टोकाची असते, तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांडीवरची पट्टी उणे टोकाची. चांगल्या चांगल्या हातांनी इथे चूक केलेली मी पाहिली आहे.

कानाने आणि नाकाने काय कळतं

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकली की लोक थेट कपॅसिटरवर बोट ठेवतात. घाई करू नका. स्टिरिओकडून आवाज आणणारी आरसीए वायर अ‍ॅम्पपासून काढा आणि इनपुटवर शॉर्ट केलेला प्लग लावा. जुन्या आरसीए प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरने जोडली की तो तयार. शिट्टी गेली तर दोष वायरिंगमध्ये, अर्थमध्ये किंवा स्टिरिओमध्ये आहे, अ‍ॅम्पच्या कपॅसिटरना हात लावायचं कारण नाही. शिट्टी तशीच राहिली तरच अ‍ॅम्प उघडा. इंजिन बंद ठेवूनही बारीक, न बदलणारी किणकिण येत असेल तर ती गाडीची नाही, अ‍ॅम्पच्या स्वतःच्या स्विचिंगची. तिथे ±१५ व्होल्टचे बारके कपॅसिटर आधी बघा. याच वस्तीत बिघाड असेल तर आवाज वाढवल्यावर लहान बोटीच्या इंजिनासारखी पुट-पुट पण ऐकू येते.

गार सकाळी अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो आणि दिवसभर काही तक्रार नाही, हे वाळलेल्या कपॅसिटरचं मला माहीत असलेलं सगळ्यात भरवशाचं लक्षण. गारठ्यात आतला द्रव घट्ट होतो, ईएसआर आणखी चढतो; ऊब मिळाली की तात्पुरता उतरतो. याच्या उलट, अर्ध्या तासाने तापून बंद पडणारा अ‍ॅम्प बहुतेक वेळा कमी ओहमच्या भाराने किंवा मॉसफेटच्या सैल क्लॅम्पने त्रासलेला असतो.

एका बाजूचा बास हलका झालाय, बाकी आवाज नीट? कपलिंग कपॅसिटर. १० मायक्रोफॅरड आणि पुढे १० किलोओहम असेल तर कापण्याची रेघ (जिच्या खालचा आवाज गळतो) १.६ हर्ट्झवर असते, कानाला कळणारही नाही. तोच वाळून ०.१ मायक्रोफॅरड झाला की रेघ १५९ हर्ट्झवर येते आणि ढोल गायब. फीडबॅकच्या पायातला कपॅसिटर वाळला तरी असाच बास जातो, पण तो जर शॉर्ट झाला किंवा गळू लागला तर इनपुटवरचा बारीकसा डीसी कित्येक पट वाढून स्पीकरवर येतो. स्पीकरचा कोन चालू करताच एका बाजूला सरकून तिथेच थांबला तर ताबडतोब बंद करा. स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक.

चालू करताना धप्प असा दणका येणं हे म्यूट आणि डिलेच्या कपॅसिटरचं काम. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओत टीडीए७३८८ सारखी चार चॅनलची आयसी असते. तिथे ट्रान्सफॉर्मर नाही, उंच रेल नाहीत. पण सप्लायवरचा मोठा कपॅसिटर आणि एसव्हीआर (पुरवठ्यातली खरखर गाळणाऱ्या) पिनवरचा छोटा, एवढे दोन वाळले तरी दणका आणि शिट्टी दोन्ही येतात.

कंट्रोल आयसीचा सॉफ्ट स्टार्ट कपॅसिटर मात्र चकवतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. एसजी३५२५ मध्ये तो आठव्या पिनेवरून अर्थला असतो आणि आयसी त्याला हळूहळू भरते. तो गळू लागला की पिनेचा व्होल्टेज वर चढतच नाही. आयसीला १२ व्होल्ट आहेत, सोळाव्या पिनेवर ५.१ व्होल्टचा संदर्भही आहे, पण मॉसफेटना पल्स नाहीत. टीएल४९४ मध्ये हेच काम चौथ्या पिनेवर, उलट्या दिशेने होतं: तिथला कपॅसिटर चौदाव्या पिनेच्या ५ व्होल्टवरून येतो, आणि गळला की चौथी पिन वर धरून ठेवतो, त्यामुळे रेल अर्धवट चढतात किंवा चढतच नाहीत. हाच कपॅसिटर ओपन झाला तर अ‍ॅम्प चालू होताना हळूहळू न उठता एकदम धडकतो, रेलचे रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरायला बघतो, आणि मॉसफेट उडतात. महिन्या-दोन महिन्यांनी मॉसफेट जाणारे अ‍ॅम्प मी पाहिलेत ज्यात दोष एवढ्या एका चिमुकल्या डबीचा होता.

नाकही वापरा. जुन्या अ‍ॅम्पमधल्या बोर्डावर बसणाऱ्या बुटक्या इलेक्ट्रोलायटिकपाशी आयर्न टेकवल्यावर कुजलेल्या मासळीसारखा वास आला की आतला द्रव बोर्डावर आलेला आहे. तो ट्रॅक खातो. पायापाशी सोल्डर चमक घालवून राखाडी, मळकट दिसतं आणि नव्याने वितळायला तयार होत नाही. कपॅसिटर काढून तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारा, काळा पडलेला ट्रॅक खरवडून बघा, तुटला असेल तर बारीक तार टाकून जोडा. न साफ करता वर नवा बसवला तर नवा जगेल, ट्रॅक मरेल.

मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी पिवळट-तपकिरी थर दिसला तर तो दरवेळी गळती नसते. कारखान्यात हलू नये म्हणून लावलेला डिंक असतो. पण तोही निरुपद्रवी नाही. वर्षानुवर्षं तापून तो गडद तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि खालचे पाय गंजवतो. गडद झालेला डिंक खरवडून काढाच.

मोजताना होणाऱ्या चुका

आधी बॅटरीचं अर्थ टोक काढा. मग अ‍ॅम्पमधले कपॅसिटर १०० ओहम, ५ वॅटच्या रोधकाने रिकामे करा. ±४० व्होल्टच्या दोन रेलमध्ये मिळून ८० व्होल्ट असतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय हाताला आणि बोर्डाला दोघांनाही वाईट.

मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर विसंबू नका. तो कमी वारंवारतेवर, निवांत मोजतो. ३३०० चा कपॅसिटर तिथे ३१०० दाखवून पास होतो, आणि १०० किलोहर्ट्झवर मोजणाऱ्या ईएसआर मीटरवर तोच ०.६ ओहम दाखवतो, जिथे ०.०३ च्या आसपास हवा होता. ईएसआर मीटर अगदी कमी व्होल्टेज वापरतो म्हणून बोर्डावरच मोजता येतं, पण दोन ठिकाणी तोही फसवतो. समांतर फळीत चांगला कपॅसिटर वाईटाला झाकतो, म्हणून शंका असेल तर एक पाय उचला. आणि पूर्ण शॉर्ट झालेला कपॅसिटर शून्य ईएसआर दाखवतो, म्हणजे दिसायला सर्वोत्तम! त्यामुळे ओहम रेंजवर शॉर्ट नाही ना, हे बघितल्याशिवाय त्याला पास करू नका.

छोट्या कपॅसिटरचा ईएसआर मुळातच जास्त असतो. १० मायक्रोफॅरडच्या बारक्या डबीला १-२ ओहम म्हणजे आजारी नव्हे. तुलना नेहमी त्याच मापाच्या नव्याशी करा.

ऑसिलोस्कोप असेल तर तो एसी कपलिंगवर ठेवून मॉसफेटजवळच्या कपॅसिटरच्या पायांवरच टेका, अर्थची चिमटी पण तिथेच. नवे टाकण्याआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

मारेकरी गाडीत शोधा

अल्टरनेटरची गोष्ट वर झालीच. त्याच वेळी डीसी पण बघा: इंजिनचा वेग वाढवल्यावर बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, आणि १६ व्होल्टच्या कपॅसिटरना श्वास घ्यायला जागा उरत नाही. बॅटरीची टोकं सैल असतील तर त्याहून वाईट. चार्जिंग चालू असताना बॅटरीचा संपर्क तुटला तर अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो, याला लोड डंप म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी न रोखलेल्या लोड डंपची चाचणी ७९ ते १०१ व्होल्टची आहे, आणि अल्टरनेटरमध्येच रोखण्याची सोय असेल तर ३५ व्होल्टची. बॅटरीच्या टोकावरचा एक सैल नट काय करू शकतो, हे यावरून कळेल.

त्यानंतर तारा. गाणं मोठ्याने लावा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या अधिकवर आणि दुसरं अ‍ॅम्पच्या अधिक टर्मिनलवर. बासच्या ठोक्याला अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर तार बारीक आहे किंवा फ्यूजहोल्डर सडलाय. ६० अँपियर आणि ०.०२ ओहम म्हणजे १.२ व्होल्ट वाटेतच गेले. प्रत्येक ठोक्याला तो खड्डा अ‍ॅम्पच्या कपॅसिटरना भरावा लागतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या दीडपटीच्या आसपास असतो, हे तार निवडताना लक्षात ठेवा. तशीच मोजणी उणे बाजूला, अ‍ॅम्पच्या अर्थपासून बॅटरीच्या उणेपर्यंत. अर्थचा बोल्ट रंगावर आवळलेला असतो, हे दहादा सांगूनही दहादा सापडतं. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा. अर्थ खराब असेल तर प्रवाह आरसीए वायरच्या जाळीतून परत जायला बघतो आणि स्टिरिओमधला बारीक अर्थ ट्रॅक जाळतो. मग शिट्टी येते आणि पुन्हा बिचाऱ्या कपॅसिटरवर आळ.

भारही विचारा. ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडून, ४ ओहमपर्यंतच चालणाऱ्या अ‍ॅम्पवर २ ओहमचा सबवूफर लावला की आतल्या प्रत्येक चॅनलला १ ओहम दिसतो. अ‍ॅम्प काही दिवस चालतो, जोरात चालतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की जमतंय. आत रिपल प्रवाह दुप्पट झालेला असतो.

अ‍ॅम्प बसवलाय कसा, हे पण बघून या. सीटखाली हीटरच्या झोताजवळ, कार्पेटमध्ये गुंडाळलेला, किंवा हीटसिंकचे पंख खाली करून उलटा टांगलेला असेल तर मॉसफेटची सगळी ऊब वर बोर्डाकडे चढते.

नवे बसवताना

१०५ अंशांचे, लो ईएसआर, आणि डेटाशीटमध्ये रिपल करंट लिहिलेले घ्या. १२ व्होल्टच्या बाजूला १६ ऐवजी २५ व्होल्टचे बसत असतील तर बसवा, १४.४ व्होल्टवर चालणाऱ्या जागी १६ म्हणजे फारच काठावर. रेलवर मोजलेल्या व्होल्टेजपेक्षा किमान २०-२५ टक्के जास्त. उंची, व्यास आणि पायांमधलं अंतर आधी मोजा. झाकण लागताना कपॅसिटरचं डोकं दाबलं गेलं तर खाचेला उमलायला जागाच नाही. रेलवर दुप्पट-तिप्पट मायक्रोफॅरड टाकून बास वाढेल ही आशा सोडा. चालू होताना ते भरायला सप्लायला तितकाच जास्त झटका लागतो आणि अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जाऊ शकतो.

काढताना जोर लावू नका. जाड तांब्याच्या पट्टीवरचा पाय बारक्या आयर्नने वितळत नाही, आणि ओढलात तर भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं. ६०-८० वॅटचं आयर्न, आधी थोडं ताजं सोल्डर, मग पंप. नवा कपॅसिटर बोर्डाला टेकवून बसवा. गाडीच्या थरथरीने उंच राहिलेला कपॅसिटर डुलतो आणि पायाभोवती गोल चीर पडते. बुडाशी सिलिकॉनचा थेंब द्या, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते धातू खातं. न्यूट्रल क्युअर घ्या.

पहिल्यांदा चालू करताना अधिक तारेत ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब मालिकेत घाला. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे प्रवाह ५ अँपियरच्या आत राहिल्याने नवे मॉसफेट वाचले.

बाहेरून लावलेला १ फॅरडचा मोठा कपॅसिटर असेल तर तोही तपासात घ्या. तो रिकामा असताना थेट जोडला की मोठी ठिणगी पडते, फ्यूज जातो. ३० ओहमच्या पॉवर रोधकातून भरा, साधारण अडीच मिनिटं लागतात. किंवा १२ व्होल्टचा बल्ब लावा, विझत आला की भरला. १४ व्होल्टला त्यात ९८ ज्यूल साठतात, म्हणून काढतानाही रोधकानेच रिकामा करायचा, आणि अधिक-उणे उलटं कदापि नाही. रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर याला एकदा वेगळं करून बघा. गळणारा कपॅसिटर झोपेत बॅटरी पितो.

सगळं जमलं की अ‍ॅम्प भारावर तासभर चालवा, बंद करा, रिकामा करा, आणि प्रत्येक कपॅसिटरच्या डोक्याला बोट लावा. सगळे सारखेच कोमट हवेत. एकच गरम लागत असेल तर काम अजून संपलेलं नाही. मग मी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, प्रत्येक जागचा ईएसआर आणि त्या दिवशी बॅटरीवर मोजलेला एसी आकडा लिहून ठेवतो. पुन्हा झाकण उघडलं की शोध कुठून सुरू करायचा, ते तिथेच लिहिलेलं असतं.